मालक म्हणून बसायचं न्हाई

सरांची खुर्ची बाजूला सरकवलेली दिसली आणि ते कीबोर्डवर वाकून उभे दिसले, की आमच्या ऑफिसात सगळे आपोआप हळू बोलायला लागायचे. चहावाला आला तर त्यालाही कोणीतरी खुणेनं थांबवायचं. ते उभे आहेत म्हणजे ते आत्ता मशीनचे मालक आहेत, आणि ते बसले की पुन्हा आपल्यासारखे होतील, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

हे थोडं समजावून सांगायला हवं. आमची मशीन युनिक्सवर चालायची. त्यात प्रत्येकाचं आपापलं खातं असतं आणि ज्यानं त्यानं आपापल्या फायलींपुरतंच राहायचं असतं. एकच खातं असं, की ज्याला कशाचीच आडकाठी नाही. कुणाचीही फाइल उघडावी, बदलावी, पुसावी. त्याला रूट म्हणतात. ते म्हणायचे 'मालक'. आमच्याकडे रूटचा पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत होता, आणि तो ते दर बाजाराच्या दिवशी बदलायचे. रूट म्हणून काही करायचं झालं की आधी खुर्ची मागे ढकलायचे, उभ्या उभ्या काम उरकायचे, बाहेर पडायचे, आणि मगच खुर्ची ओढून बसायचे.

"मालक म्हणून बसायचं न्हाई, इंजिनेर," ते मला म्हणाले होते. "बसलं की बूड जड हुतं. मग उठू वाटत न्हाई."

मला ते कायम 'इंजिनेर' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. स्वतः ते एम.एस्सी. होते, स्टॅटिस्टिक्सचे, आणि त्याची जाणीव दुसऱ्याला करून देण्यात त्यांना कसलाही संकोच नसे. मी नव्यानं लागलो तेव्हा माझा एक प्रोग्रॅम वाचून ते म्हणाले, "हे तुमी लिवलं का तुमच्याकडून झालं?" गोड माणूस नव्हता तो. चहाचे पैसे कधी पुढे करायचा नाही, दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडायचा, आणि चूक सापडली की चेहऱ्यावर असं समाधान यायचं की समोरच्याला नकोसं व्हावं. हेही लिहायला हवं. गेलेल्या माणसाला धुऊन-पुसून मांडायची आपल्याला सवय असते, आणि माझ्यासारख्याला तर ती फारच सोयीची आहे.

ऑफिस नगरला, सावेडीत, पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाच-सात जणांची कंपनी. धंद्याचे मालक होते त्यांना सगळे मालकच म्हणत, एकटे हे सोडून. हे त्यांना 'भाऊसाहेब' म्हणायचे. "मालक मशीनमधी असतोय," म्हणायचे, "हे भाऊसाहेब." भाऊसाहेबांनीच चिडून त्यांचं नाव 'किल्लेदार' ठेवलं होतं, आणि ते पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसलं. त्यांनाही ते आवडत असावं. पाथर्डीकडच्या ऊसतोड्याचा मुलगा, धर्मांतरानंतरच्या पहिल्या पिढीतल्या घरातला, दर साल शाळा अर्धी सोडून आईबापामागं ऊसतोडीच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, गेलेला. हे त्यांनी मला कधी सलग सांगितलं नाही. बोलता बोलता तुकडे पडायचे, ते मी जोडले. "आमच्या टोळीला कारखान्याच्या हापिसात चपला घालून जाऊ देत नव्हते," हा एक तुकडा. "आता मीच ठरवतो कोन कुठं जानार," हा त्याच दिवशीचा दुसरा. हसत म्हणाले होते.

त्यांची एक खोड मला आजही विसरता येत नाही. ऑफिस बंद करताना कुलूप ते स्वतः लावायचे आणि बाजूला व्हायचे. मग मला म्हणायचे, "वढा." मी ओढायचो. "जोरात. चोरागत वढा." कुलूप लावणाऱ्यानं स्वतः ओढून बघायचं नसतं, त्याला ते लागलेलंच वाटतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांच्या घरी गेलो होतो तर तिथंही तेच. वहिनींनी कडी लावली आणि फ्रॉक घातलेली त्यांची मुलगी धावत येऊन कुलपाला अक्षरशः लोंबकळली. दोन्ही पाय जमिनीवरून उचलून. "झालं, लागलं!" म्हणाली आणि पळाली. वहिनी कपाळाला हात लावून हसल्या. "आमच्या घरात कुनाचाच कुनावर इस्वास न्हाई, भाऊ," म्हणाल्या.

आम्ही साखर कारखान्यांसाठी पॅकेज बनवत होतो. शेतकऱ्याच्या उसाची नोंद झाली की लागणीच्या तारखेप्रमाणे त्याचा नंबर लावायचा आणि त्या क्रमानं तोडणीचा प्रोग्रॅम द्यायचा, एवढंच त्याचं मुख्य काम. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांनी त्या भागात दिवस काढलेत त्यांना माहीत आहे की या एका क्रमासाठी किती जणांचे हात खालून वरपर्यंत पोहोचतात. मोठ्याचा ऊस आधी जातो. लहान्याचा उभा राहतो, त्याला तुरा येतो, आतून पोकळ होतो. किल्लेदारांनी पॅकेजमध्ये अशी सोय केली होती की नोंद एकदा पक्की झाली की त्या फाइलला कुणी हात लावू शकत नाही. शेतकी खात्यातल्या कारकुनानं ती वाचावी, छापावी, गट ऑफिसच्या फळ्यावर लावावी. बदलता येणार नाही. बदलायचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे फक्त त्यांना.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात हे पॅकेज पहिल्यांदा बसवलं तेव्हा सभासदांसमोर छोटा कार्यक्रम झाला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. भाऊसाहेब बोलले, मग आग्रहानं यांना उभं केलं. यांनी माइक हातात घेतला आणि एकच वाक्य बोलले. "यात हात घालायचा झाला तर फक्त मला घालता येईल, आनि मी घालनार न्हाई."

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "आरं मग तुझाच हात धरावा लागंल की!" मंडप हसला. तेही हसले.

आता टेस्टचं सांगतो. खरं म्हणजे तेच सांगायचं आहे.

प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला की सगळं पॅकेज नव्यानं बिल्ड करायचं, म्हणजे पहिल्यापासून जुळवून तयार करायचं, आणि बिल्ड होताना मशीननंच एकेक टेस्ट चालवून बघायची, हा नियम त्यांनी घातला होता. त्या काळी आमच्यासारख्या ठिकाणी हे कोणी करत नव्हतं. आम्हाला ते थोतांड वाटायचं. त्यात दुसरा नियम असा, की बिल्ड आणि टेस्ट कधीही रूट म्हणून चालवायची नाही. मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, रूटनं चालवलं तर कटकट नाही, सगळं झटकन होईल, मग का नको?

"गडी हून चालवा," ते म्हणाले. "मालक हून चालवलं की समदंच पास हुतं. मालकाला अडवतंय कोन? अडलं कुठं ते कळाया पायजे, त्याचसाठी टेस्ट."

पण काही टेस्ट अशा असतात की त्या रूटशिवाय चालूच शकत नाहीत. टेपवरचा बॅकअप परत मशीनवर उतरवायची टेस्ट त्यांतलीच. फायली परत आणताना कोणती फाइल कुणाची, कुणी वाचायची, कुणी लिहायची नाही, ही कुलपंही जशीच्या तशी परत लावावी लागतात, आणि दुसऱ्याच्या नावानं कुलूप लावणं हे फक्त मालकालाच जमतं. अशा टेस्टचं काय करायचं?

त्यासाठी त्यांनी उकिरडा केला होता. जिन्याखाली, संडासाच्या भिंतीला लागून, एक टाकाऊ मशीन. झाकण नाही, टेप ड्राइव्हला रबरबँड, पंख्यात धूळ. "उकिरड्यावर कोंबडीनं उकरलं तर घराचं काय जातंय?" म्हणायचे. "घरात उकरलं तर भिंत पडल." बिल्ड झालं की पडद्यावर राहिलेल्या टेस्टची नावं यायची आणि ते तिथंच अडून बसायचं. मग ते टेप घेऊन जिन्याखाली जायचे, तिथंही उभ्यानंच, उकिरड्यावर मालक होऊन त्या टेस्ट चालवायचे. नंतर वर येऊन कारखान्याला जायच्या फ्लॉपींच्या खोक्यावर लाल पेनानं बरोबरची खूण करायचे. ती खूण असल्याशिवाय खोकं ऑफिसच्या बाहेर जायचं नाही. उकिरड्याचा पासवर्ड मात्र सगळ्यांना माहीत होता. उकिरड्याला कसलं कुलूप?

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्यांची आई खूप आजारी झाली. ते पाथर्डीला गेले. जाताना म्हणाले, "मी येईस्तवर खोकं हालवू नका."

कारखान्यांची गाळपाची तयारी चालली होती. मी टेपवरून परत उतरवायचा भाग नव्यानं लिहिला होता, जुना फार वेळ खायचा. भाऊसाहेब रोज दारात उभे. "झालं का? कधी होणार? तुमच्या किल्लेदारासाठी कारखाना थांबायचा का?" बिल्ड त्याच एका टेस्टपाशी अडून बसलेलं. त्यातच उकिरड्याचा पॉवर सप्लाय जळाला.

मग मी टेस्टमध्येच दोन ओळी घातल्या. आपण रूट नसू, तर ही टेस्ट सोडून द्यायची आणि 'ठीक' म्हणायचं. 'राहिली' असं नाही म्हणायचं. 'ठीक'. बिल्ड सरळ शेवटपर्यंत गेलं. पडद्यावर आलं, सर्व ठीक.

माझ्या धंद्यातल्या कुणाला हे वाचून हसू येईल. असं रोज होतं. रूट नसेल तर टेस्ट वगळणं हे काही पाप नाही, तसं करावंच लागतं. पण वगळलेली टेस्ट पास झालेल्यांत मोजायची नसते. मला तेव्हाही हे माहीत होतं. मी म्हटलं, उकिरडा दुरुस्त होऊन आला की चालवून घेऊ.

उकिरडा आला. मी चालवली नाही. दुसरी कामं होती, हे खरं आहे आणि ते उत्तर नव्हे.

ते परत आले ते आईला पोचवूनच. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली, कधी न चुरगळणारा पांढरा शर्ट चुरगळलेला. आले ते सरळ माझ्या टेबलाशी. खोकं उचललं, पडद्यावरचं 'सर्व ठीक' बघितलं.

"उकिरड्यावर चालवली?"

"हो, सर."

एरवी ते पुन्हा खाली जाऊन स्वतः चालवायचे. दुसऱ्यानं लावलेलं कुलूप न ओढता सोडणारा हा माणूसच नव्हता. त्या दिवशी त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि उभ्या उभ्या खूण केली. मग खुर्चीत बसून राहिले. पेन खिशात ठेवत म्हणाले, "आईला लई कौतुक हुतं. गावात सांगायची, माझं पोरगं कारखान्याचं कुलूप हाय."

मी खोकं दोरीनं बांधायला घेतलं.

भर हंगामात त्या उत्तरेकडच्या कारखान्याची डिस्क गेली. फोन आला तसे ते टेप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन एस.टी.नं निघाले, मला बरोबर घेतलं. मळीच्या वासानं माझं डोकं उठलं होतं. ते दिवसभर उभे होते. टेप एका जागी अडकत होती, तेवढा भाग त्यांनी हातानं उतरवला. संध्याकाळच्या आत फायली सगळ्या आल्या, क्रम आला, तोडणीच्या चिठ्ठ्या निघायला लागल्या, टोळ्या थांबल्या नाहीत. शेतकी खात्याचे साहेब हार घेऊन आले.

"ठेवा," हे म्हणाले. "हंगाम संपल्यावर घाला."

फायली आल्या होत्या. कुलपं आली नव्हती. माझ्या नव्या प्रोग्रॅममध्ये फाइल परत यायची पण ती कुणालाही लिहिता येईल अशी, सताड उघडी. बाहेरून बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसायचं नाही. जी टेस्ट मी चालवली नव्हती ती नेमकी हेच बघायची.

कुणाच्या तरी ते लक्षात आलं. कुणाच्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एवढं खरं, की काही आठवड्यांनी एका गट ऑफिसात एक म्हातारा फळ्यासमोर बसून राहिला आणि उठेना. "माझा आडसाली ऊस," म्हणे. "नोंद आखाडातली. त्या बागायतदाराची श्रावनातली. तो माझ्या पुढं कसा? वाचून दावा." वाचून दाखवलं तर बागायतदाराची तारीख त्याच्या आधीची निघाली. मग दुसरा आला, मग आणखी. लागणीच्या तारखा मागे सरकल्या होत्या, आणि सरकलेले सगळे मोठे होते.

आम्हाला कारखान्यावर बोलावणं आलं. लांबलचक टेबल, पलीकडे पाच-सहा जण, अलीकडे भाऊसाहेब, हे आणि मी. शेतकी साहेबांनी सुरुवातीलाच विचारलं, "ही फाइल कोण बदलू शकतं?"

"फक्त मी," हे म्हणाले.

"मग कोणी बदलली?"

"मी न्हाई."

"तुम्हीच माइकवर सांगितलं होतं. सगळ्यांनी ऐकलंय."

यांनी तिथंच मशीन बघायला मागितलं. बघितलं. कुलूप उघडं होतं. तेही त्यांनी स्वतःच मोठ्यानं सांगितलं, फाइल उघडी आहे म्हणून. त्याचा अर्थ पलीकडच्यांनी त्यांना हवा तसाच घेतला. किल्ली याच्याकडे, कुलूप उघडं, मग उघडलं कुणी? किती घेतले, असं थेट कोणी विचारलं नाही. "शेवटी किल्ली कुणाच्या हातात दिली," एवढं टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं. 'कुणाच्या' या शब्दावरचा जोर खोलीतल्या प्रत्येकाला कळला. त्यांनाही कळला. त्यांनी पायातल्या चपलांकडे बघितलं.

मग माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. तो असता तर बरं झालं असतं. हिशेब लागत नाही म्हणून सोबत्याकडे बघावं तसं. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलो.

परत येताना भाऊसाहेबांनी गाडीतच त्यांच्याकडून पासवर्ड मागून घेतला आणि उद्यापासून ऑफिसात येऊ नका म्हणाले. राहुरी मागे गेल्यावर हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "हातानं उतरवलं ना मी थोडं. तवाच ऱ्हायलं असंल. आई गेल्यापासून डोकं जाग्यावर नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते खाली मोटारीच्या दुकानासमोर चहाच्या टपरीवर थांबले होते. मला हाक मारली. पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा सांगितला.

"इंजिनेर, एक काम करा. ती टेस्ट एकदा उकिरड्यावर चालवून बघा. मला आता वर येऊ देत न्हाईत. पास झाली तर चूक माझ्या हाताची. न्हाई झाली तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बघा तर खरं."

मी वरून टेप आणली, जिन्याखाली उकिरड्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि रूट होऊन टेस्ट चालवली. पहिल्याच पायरीला पडली. कुठं चुकलं ते लगेच दिसलं, माझीच ओळ होती. मी ती दुरुस्त केली, पुन्हा चालवली. पास झाली.

जिन्याखालून बाहेर आलो. ते उभेच होते.

"ठीक आली, सर."

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. उजवा हात पुढे धरून तळव्याकडे बघितलं, मग तो खिशात घातला. "बरं," म्हणाले. "मग माझंच." चहाचे पैसे दिले आणि माळीवाड्याच्या स्टँडच्या दिशेनं चालत गेले.

दुरुस्त केलेलं पॅकेज मी त्याच आठवड्यात कारखान्यात बसवून आलो. भाऊसाहेबांनी पासवर्ड माझ्या हवाली केला. मी बसूनच काम करायचो.

नंतर पाथर्डीला त्यांनी कॉम्प्युटर क्लास काढल्याचं ऐकलं. जायचं म्हणत दोन-अडीच वर्षं गेली. शेवटी गेलो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाजारपेठेत एक गाळा, रंगीत पडद्यांची चार मशीन, प्रत्येकावर दोन-दोन पोरं. हे कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले. फार बसलेले वाटले, पोट सुटलेलं.

"या, इंजिनेर," म्हणाले. "हितं पासवर्ड न्हाई. नवीन मशीनला समदेच मालक. पोरं सकाळी मोडत्यात, मी दुपारी भरतो."

इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "उकिरडा हाय का अजून?"

"भंगारात गेला."

"मग त्या टेस्ट कुठं चालवता?"

मी म्हणालो, "सर, ती टेस्ट ठीक आली नव्हती." आणि मग थांबता येईना. दोन ओळी, वगळणं, 'हो', स्टूल, सगळं बोलून गेलो. पोरं कळफलक बडवत होती, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं.

त्यांनी खिशातून उजवा हात काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे माझा हात न्हाई."

"नाही, सर."

"मी हिला पन सांगितलं हुतं, माझ्या हातानं झालं म्हनून." 'ही' म्हणजे वहिनी. मागे भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता, खाली मागच्या वर्षीची तारीख; त्या गेल्या हे मला त्या क्षणी कळलं.

मी माफी मागायला लागलो. त्यांनी जुन्या सवयीनं वाक्य मधेच तोडलं. "मला सांगून काय उपेग? हे मालक हून टेस्ट चालवल्यासारकं झालं. माझ्यापुढं पासच हुनार तुमी. मी काय अडवनार हाय? जिथं अडवत्यात तिथं सांगा. त्या टेबलावर सांगा. माझ्या मानसांत सांगा."

"सांगतो, सर."

"मी सांगनार न्हाई कुनाला. मी सांगितलं तर कोन मानंल? तुमचं तुमी सांगा."

निघताना ते दारापर्यंत आले. रागावले नव्हते. कारखान्याच्या फाट्यावर मी त्यानंतर एकदा उतरलोही. चहा घेतला आणि पुढच्या गाडीनं परत फिरलो.

पुढे मी पुण्याला गेलो. नोकऱ्या बदलल्या, हाताखाली मुलं आली. वगळलेली टेस्ट पास म्हणून मोजायची नाही, असा माझ्याकडे कडक नियम आहे. मुलं मला शिस्तीचा समजतात.

ते गेल्याचं मला त्यांच्या मुलीनंच फोन करून कळवलं. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. घरासमोर मांडव, तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, शेजारी यांचा, उभ्यानं काढलेला. वंदना झाल्यावर एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. त्यांच्या भावकीतली माणसं होती, क्लासचे जुने विद्यार्थी होते. कारखान्यावर त्या वेळी कारकून असलेला एक जणही होता, आता पिकल्या केसांचा. मुलगी माझ्याकडे आली. "सर, तुमी बोला. बाबा म्हनायचे, इंजिनेर येतील, तेंला काहीतरी सांगायचंय."

मी उठलो. माइक हातात घेतला. "सर फार शिस्तीचे होते," असं म्हणालो. "त्यांच्याकडून मी खूप शिकलो." आणि बसलो.

मांडव मोकळा झाल्यावर ती मला जीपपर्यंत सोडायला निघाली. दाराला कुलूप लावलं आणि सवयीनं बाजूला झाली. "वढा, सर," म्हणाली. मी ओढलं. लागलेलं होतं.

रस्त्यात ती म्हणाली, "बाबा लई वर्षं म्हनत हुते. काय सांगनार ते इचारलं तर म्हनायचे, त्येंचं ते सांगतील. मला वाटलं, काय मोठं असंल." थोडं चालून म्हणाली, "एवढंच हुतं, व्हय?"

मी 'हो' म्हणालो. हे तिसरं खोटं.

ताई, एवढंच नव्हतं. तुमच्या वडिलांनी विचारलेली टेस्ट मी चालवली नव्हती, आणि चालवली म्हणालो. नंतर चालवली तेव्हा ती पडली, आणि पास झाली म्हणालो. कारखान्यातलं ते कुलूप त्यांच्या हातानं उघडं राहिलं नव्हतं, माझ्या हातानं राहिलं होतं. ही गोष्ट त्या टेबलावर कोणीही वाचावी, तुमच्या भावकीत वाचावी, आणि मला अडवावं.